नागपुरात राहून धनुष्यासाठी यूचे लाकूड कोठून मिळवावे आणि ते कसे तोडावे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: लांब पारंपरिक धनुष्य करण्यासाठी नागपूरच्या आसपास यूचे (धनुष्यासाठी नावाजलेल्या, थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी वृक्षाचे) झाड कोठे सापडेल, आणि सापडल्यास ते कोणत्या हंगामात व कशा रीतीने तोडावे. मी नागपुरातच राहून धनुष्ये घडवतो, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे.

पहिल्या भागाचे उत्तर स्पष्ट आहे. विदर्भात यू नाही, आणि आपल्याकडचा उन्हाळा पाहता तो लावून जगवता येण्यासारखाही नाही. भारतातला यू हिमालयात, साधारणपणे दोन ते तीन हजार मीटर उंचीवरच्या थंड आणि सावलीच्या जंगलांत वाढतो. उत्तराखंडात त्याला थुनेर म्हणतात. हे झाड अतिशय सावकाश वाढते. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध यूपासून मिळते हे कळल्यानंतर थुनेरची साल आणि पाने इतकी ओरबाडली गेली की आज ही जात जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे आणि तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटीस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. त्यामुळे कोणा ओळखीच्या माणसाकरवी पहाडातून एखादे खोड मागवण्याचा विचार तुमच्या मनात असेल, तर तो कृपया सोडून द्यावा. एका धनुष्यासाठी शंभर-दोनशे वर्षांचे झाड पाडणे कोणत्याही हिशेबाने योग्य ठरत नाही.

यूची कीर्ती मात्र खोटी नाही, आणि ती कशामुळे आहे हे समजून घेतल्याशिवाय त्याला पर्याय शोधता येत नाही. धनुष्य ओढले की त्याच्या पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूवर, ताण येतो आणि पोटावर, म्हणजे आपल्याकडच्या बाजूवर, दाब येतो. यूच्या खोडात बाहेरचे फिकट रसकाष्ठ ताण उत्तम सोसते आणि आतले तांबूस-नारिंगी सारकाष्ठ दाब उत्तम सोसते. हे दोन्ही थर एकाच फाळीत, म्हणजे खोड उभे फोडून काढलेल्या तुकड्यात, शेजारी-शेजारी मिळतात. आल्प्सच्या बर्फात 1991 साली सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या माणसाचे शव सापडले, त्याच्याजवळचे 1.82 मीटर लांबीचे अर्धवट घडवलेले धनुष्य यूचेच होते. 1545 साली बुडालेले आणि 1982 मध्ये वर काढलेले मेरी रोझ या इंग्रजी जहाजावर यूची शंभराहून अधिक धनुष्ये सापडली. त्याच इंग्लंडला 1472 साली कायदा करावा लागला, की बंदरात येणाऱ्या व्यापाऱ्यांनी मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्याच्या चार फाळ्या आणाव्यात. जेथे यू घरचा होता तेथेही तो पुरला नाही, ही गोष्ट या लाकडाच्या मागे लागणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी असे मला वाटते.

युरोपात किंवा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जेथे यू तोडण्याची रीतसर परवानगी मिळते, तेथे तो हिवाळ्यात, झाडातला रस उतरलेला असताना तोडतात. उंचावर, सावलीत, सावकाश वाढलेल्या आणि वाढीची वलये बारीक असलेल्या झाडाला पसंती असते. सुमारे दोन मीटर लांबीचा, फांद्या नसलेला आणि पीळ न पडलेला भाग निवडतात. तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण, रंग किंवा डिंक फासून ती बंद करतात, कारण लाकूड टोकांतून सर्वांत लवकर सुकते आणि तेथूनच तडकते. मग पाचरी ठोकून खोड उभे फोडतात. करवतीने कापलेली फळी सरळ दिसते खरी, पण तिच्यातले लाकडाचे तंतू बाजूला निसटलेले असतात. पाचर मात्र तंतूंच्याच मागे जाते. एक खबरदारी आवश्यक आहे. यूच्या लाल फळाचा गर सोडला तर पाने, साल, बी आणि लाकूड सारेच विषारी असते, म्हणून तासताना आणि घासताना तोंडाला मास्क लावावाच लागतो. परदेशातून तयार फाळी मागवता येते, परंतु त्यासाठी वनस्पती संगरोधाचे (क्वारंटाइनचे) नियम पाळावे लागतात आणि लाकडासोबत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र असावे लागते. शिवाय पहिलेच धनुष्य त्या लाकडावर करणे म्हणजे महागडे लाकूड शिकाऊ हाती देणे होय.

माझा आग्रह असा आहे की तुम्ही सुरुवात येथल्या मालावर करावी, आणि ती नाइलाज म्हणून नव्हे. गडचिरोलीतील गोंड व माडिया लोकांचे धनुष्य बांबूचे असते आणि त्याची दोरीही बांबूच्याच कामटीची असते. आपल्याकडचा मानवेल बांबू कोरड्या, खडकाळ जमिनीवर वाढला की बुडाकडे जवळजवळ भरीव असतो, आणि धनुष्याला नेमका हाच भाग लागतो. कटांग बांबू जाड असला तरी पोकळ असतो, तो या कामाला दुय्यम. बेटातला तीन वर्षांहून जुना बांबू ओळखणे अवघड नाही: कोवळ्या बांबूवर पांढरी पूड आणि पेरांना चिकटलेली आवरणे असतात, पक्व बांबूचा हिरवा रंग मंदावलेला असतो आणि त्यावर दगडफुलासारखे राखाडी डाग धरलेले असतात. पावसाळ्यात बांबू तोडू नये. तेव्हा नवे कोंब येत असतात आणि तेव्हा तोडलेल्या बांबूला भुसा पाडणारी कीड पटकन लागते. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम. तोडताना जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या (गाठीच्या) लगेच वर घाव घालावा, म्हणजे खुंटात पाणी साचून बेट कुजत नाही. घडवताना बाहेरची चिवट साल पाठीला राहू द्यावी आणि तिला कोठेही पात्याचा स्पर्श होऊ देऊ नये. जेवढे लाकूड काढायचे ते पोटाकडूनच काढावे.

लाकडाचेच धनुष्य हवे असेल, तर धामण नावाचे झाड आणि धावडा ही माझी निवड आहे. दोन्ही विदर्भाच्या जंगलात आहेत, आणि ज्या कारणाने गावकरी त्यांचे कुऱ्हाडीचे दांडे करतात, म्हणजे धक्का सोसून न तुटण्याचा गुण, त्याच कारणाने ती धनुष्याला चालतात. साग येथे मुबलक असला आणि देखणा असला तरी या कामाला मी तो घेत नाही. धामण-धावड्यात यूसारखी दोन थरांची सोय नसल्यामुळे घडण बदलावी लागते: यूचे धनुष्य अरुंद आणि जाड असते, हे रुंद आणि चपटे ठेवावे. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो, म्हणून जाडीतला एखादा मिलिमीटर फार सांभाळून काढावा लागतो. पाठीला वाढीचे एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवावे. साल सावकाश सोलली की तिच्याखालचा पृष्ठभाग हेच असे अखंड वलय असते. त्या थराला पात्याचा घाव लागू देऊ नये. गाठ आली तर तिच्याभोवती तो थर उंचवट्यासकट तसाच ठेवावा, सपाट करू नये.

माल मिळवण्याबाबत कायदा नीट समजून घ्यावा. राखीव जंगलातून एक काठी तोडणेसुद्धा 1927 च्या वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, आणि पेंच किंवा ताडोब्याच्या परिसरात कुऱ्हाड घेऊन फिरण्याचा विचारही करू नये. जंगलाबाहेर वाढलेला बांबू 2017 च्या दुरुस्तीनंतर वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला आहे, म्हणून शेताच्या बांधावरचा बांबू मालकाच्या संमतीने तोडता येतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला, आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) सारख्या ग्रामसभा तो स्वतः विकतात; तेथून घेतलेल्या मालाचा पैसा जंगल राखणाऱ्यांच्या हाती जातो. शहरात बुरुडांकडे ओला बांबू मिळतो, फक्त बुडाचा, भरीव तुकडा हवा असे सांगून निवडून घ्यावा. धामण किंवा धावड्यासाठी शेतकऱ्याच्या खासगी जमिनीवरचे झाड, वन कार्यालयात चौकशी करून आणि वाहतूक परवाना घेऊनच, आणावे. लकडगंजातील आरा मशीनवर मिळणारे लाकूड बहुतेक कापीव असते. तेथे जायचेच असेल तर न चिरलेला गोल तुकडा विचारावा.

नागपुरात खरी कसोटी सुकवण्याची आहे. येथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. गच्चीवर किंवा टिनाच्या शेडखाली ठेवलेली ओली फाळी काही दिवसांत तडकते. ती घराच्या आतल्या, उत्तरेकडच्या खोलीत, जमिनीपासून वर, दोन लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवावी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला तिचे वजन करून फाळीवरच पेन्सिलीने लिहीत जावे, आणि वजन घटायचे थांबले की काम सुरू करावे. तयार धनुष्यालाही हाच नियम लागू आहे. उन्हाळ्यात कूलर चालू असलेल्या खोलीत ते ओल धरते आणि मऊ पडते, तर बाहेरच्या लूमध्ये इतके कोरडे होते की ओढताच मोडू शकते. म्हणून एप्रिल-मेमध्ये धनुष्य कूलरच्या झोताबाहेर, आतल्या भिंतीला आडवे आणि दोरी उतरवून ठेवावे, आणि दुपारच्या उन्हात ते ओढू नये.