मूडलच्या ग्रेडबुकात तोंडी परीक्षा, जर्नल आणि हजेरीचे गुण कसे मांडावेत?

मॅडम, आपला प्रश्न मला असा समजला. सोलापुरातील आपल्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या वर्गासाठी मूडल हे ऑनलाइन अध्यापनाचे सॉफ्टवेअर वापरले जाते; त्यातील ग्रेडबुक म्हणजे गुणांची वही. तोंडी परीक्षेचे १०, जर्नलचे ५ आणि हजेरीचे ५ असे २० गुण त्यात ठेवायचे आहेत, पण यांपैकी कशासाठीही विद्यार्थी ऑनलाइन काही जमा करत नाहीत. शिवाय आपण जे रकाने केले, त्यांत तोंडीला न आलेल्या मुलाची टक्केवारी परीक्षा दिलेल्या मुलांपेक्षा जास्त दिसते आहे.

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तिचे कारण कळले की बाकीची मांडणी सोपी होते. मूडलच्या दृष्टीने रिकामा रकाना आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘एक्सक्लूड एम्प्टी ग्रेड्स’ हा पर्याय सहसा आधीपासून चालू असतो आणि तो चालू असताना रिकामे रकाने हिशेबातच धरले जात नाहीत. त्यामुळे ज्याने तोंडी दिलीच नाही पण जर्नलमध्ये ५ पैकी ५ मिळवले, तो शंभर टक्क्यांवर दिसतो, आणि तोंडीत ७ व जर्नलमध्ये ४ मिळवणारी नियमित मुलगी १५ पैकी ११ घेऊन त्याच्या खाली जाते. हा पर्याय बंद करणे हा त्यावरचा उपाय वाटतो खरा, पण मग अजून न झालेल्या परीक्षाही शून्य धरल्या जातात आणि सत्राच्या मध्यावरच सगळा वर्ग नापास दिसू लागतो. माझे मत असे की पर्याय चालूच ठेवावा आणि परीक्षा आटोपल्यावर गैरहजर मुलांना शून्य हाताने द्यावे. ‘सिंगल व्ह्यू’मध्ये एका रकान्यातील सर्व विद्यार्थी एकाखाली एक दिसतात आणि ‘बल्क इन्सर्ट’ने केवळ रिकाम्या जागांत एकदम शून्य भरता येते. त्याच पडद्यावर प्रत्येक नावापुढे ‘एक्सक्लूड’ची चौकट असते. आजारपणाचा दाखला देणाऱ्यासाठी ती वापरता येते, परंतु मग त्याची बेरीज २० पैकी न राहता १० पैकी होते, आणि विद्यापीठाला गुण २० पैकी कळवायचे असतात. म्हणून अशा मुलाची तोंडी पुन्हा घेणे हेच अधिक सरळ.

आता रकाने. ‘ग्रेडबुक सेटअप’मध्ये जाऊन प्रथम ‘अंतर्गत मूल्यमापन’ नावाची एक कॅटेगरी करावी, तिचे ॲग्रिगेशन (गुण एकत्र करण्याची पद्धत) ‘नॅचरल’ ठेवावे आणि त्यात ‘ॲड ग्रेड आयटम’ने तोंडीसाठी रकाना उघडावा. कमाल गुण आपोआप १०० येतात, ते तिथल्या तिथे १० करावेत. नॅचरल पद्धतीत कॅटेगरीचे कमाल गुण आतल्या रकान्यांच्या बेरजेवरून ठरतात, म्हणून प्रत्येक रकाना प्रत्यक्ष जितक्या गुणांचा हवा तितक्याचाच ठेवला की भारांकांशी झटापट करावी लागत नाही. गुण भरून झाल्यावर कमाल गुण बदलायचे ठरले, तर भरलेले गुण त्याच प्रमाणात बदलायचे की जसेच्या तसे ठेवायचे हे मूडल विचारते. तिथे घाईने उत्तर देऊ नये.

जर्नलसाठी मात्र मी साधा रकाना न करता असाइनमेंटच करीन आणि तिच्यातील ‘सबमिशन टाइप्स’च्या सगळ्या खुणा काढून टाकीन. विद्यार्थ्याला काही अपलोड करावे लागत नाही, तरी आपल्याला रुब्रिक (निकषवार गुण देण्याचा तक्ता) वापरता येते, शेरे लिहिता येतात आणि जर्नल तपासून घेण्याची शेवटची तारीख विद्यार्थ्यांच्या कॅलेंडरमध्ये दिसते. यांपैकी रुब्रिक आणि तारीख साध्या रकान्यात मिळत नाहीत. तोंडीत आपण फक्त आकडा देतो, तिथे साधा रकाना पुरे.

हजेरीचा भाग सर्वांत गुंतागुंतीचा आहे. ‘अटेंडन्स’ हा मूडलच्या मूळ संचात नसून वेगळा बसवावा लागणारा प्लगइन आहे. तो दिसत नसेल तर आपल्या संस्थेच्या मूडल ॲडमिनला सांगावे लागेल. त्यात हजर, उशिरा, सवलत आणि गैरहजर अशा चार स्थिती येतात आणि त्यांचे मूळ गुण अनुक्रमे २, १, १ आणि ० असतात. आषाढीला पंढरपुरात एनएसएसच्या कामावर गेलेल्या मुलाला आपण ‘सवलत’ लावता, तेव्हा त्याला त्या दिवसाची अर्धीच हजेरी मिळते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आपल्या महाविद्यालयाचा नियम अशा दिवसांना पूर्ण हजेरी देत असेल, तर पहिला तास नोंदवण्याआधीच ‘सवलत’चे गुण २ करून घ्यावेत. ‘उशिरा’बद्दलही आधीच ठरवावे. अक्कलकोट किंवा मोहोळहून एसटीने येणाऱ्या मुलांना पहिल्या तासाला रोज अर्धी हजेरी लागणार असेल, तर निदान ते त्यांना सांगितलेले असावे.

संपूर्ण सत्राचे तास एकदम तयार करताना पुनरावृत्तीचा पर्याय सोयीचा असतो, पण संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आहे हे त्याला ठाऊक नसते. अक्षता सोहळ्याच्या दिवशीही तो तास मांडून ठेवतो. असे तास काढून टाकावेत. राहून गेले तरी मोठा बिघाड होत नाही, कारण टक्केवारी फक्त नोंद झालेल्या तासांवरून निघते. मात्र अशा दिवशी कोणी चुकून ‘सर्व गैरहजर’ नोंदवून ठेवले, की तो तास हिशेबात आलाच.

टक्केवारीचे ५ गुणांत रूपांतर हा आपल्या प्रश्नातील खरा पेच आहे. प्लगइन सरळ प्रमाणाने गुण देतो, म्हणजे ६० टक्के हजेरीलाही ५ पैकी ३ मिळतात. आपल्याकडे मात्र सहसा ७५ टक्क्यांच्या खाली काहीच द्यायचे नसते आणि पुढे टप्पे असतात. यासाठी हजेरीचे कमाल गुण १०० ठेवून ग्रेडबुकात तिचा भारांक शून्य करावा, म्हणजे ती दिसेल पण बेरजेत येणार नाही. मग ‘हजेरी गुण’ नावाचा ५ गुणांचा वेगळा रकाना करून त्यात ‘कॅल्क्युलेशन’ लिहावे. सूत्रात हजेरीचा उल्लेख तिला दिलेल्या आयडी नंबरने, दुहेरी चौकोनी कंसात करावा लागतो. प्रत्येक पाच टक्क्यांना एक गुण द्यायचा असेल, तर हजेरीतून ७० वजा करावेत, ५ ने भागावे, ‘फ्लोअर’ने अपूर्णांक सोडून द्यावा आणि ‘मॅक्स’ व ‘मिन’ वापरून उत्तर ० ते ५ मध्ये अडकवावे. मग ७४ टक्क्यांना ०, ७५ ला १, ८० ला २ आणि ९५ पासून पुढे ५ गुण येतात. आपल्याकडचे टप्पे असे समान अंतराचे नसतील, तर सूत्राच्या मागे न लागता हजेरी एक्सेलमध्ये उतरवून घ्यावी, तिथे गुण काढावेत आणि सीएसव्ही (साध्या मजकुराच्या तक्त्याच्या) फाइलने त्या रकान्यात भरावेत. फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात जतन करावी, नाहीतर देवनागरी नावे बिघडतात, आणि विद्यार्थ्यांची जुळवणी नावाने न करता ईमेल किंवा आयडी नंबरने करावी.

वर्गातील सहभागाचे गुण देण्याचा विचारही आपण बोलून दाखवला आहे. रोजचा रकाना करू नये असे मला वाटते, कारण महिन्याभरात ग्रेडबुक आडवे सरकवत बसावे लागते. सत्रात दोनदा दिलेले गुण पुरेत.

विद्यार्थ्यांना हे गुण केव्हा दिसावेत हेही ठरवावे. हजेरी सुरुवातीपासून उघडी असावी, म्हणजे ७५ टक्क्यांच्या खाली गेलेला मुलगा वेळेत सावध होतो. तोंडीचा रकाना मात्र सर्व तुकड्यांची परीक्षा होईपर्यंत ‘हिडन’ ठेवणे योग्य.

विद्यापीठाकडे गुण पाठवण्याआधी ग्रेडबुक एकदा एक्सपोर्ट करून प्रत जपून ठेवावी आणि मग रकाने ‘लॉक’ करावेत. त्यानंतर कोणी जुन्या तासाच्या हजेरीत बदल केला, तरी तो ग्रेडबुकात उतरत नाही. दुरुस्ती खरोखरच करायची असल्यास आधी लॉक काढावे लागते.