चिठ्ठी पेन्सिलीनेच लिही

प्रिय पोरी,

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी पाहिला. मयूरेश्वर अभयारण्यात दिसलेला कोळी एक जण म्हणतो नवीन जातीचा, दुसरा म्हणतो कुठेही मिळतो, आणि कुणाचं ऐकावं हे तुला कळेना. कुणाचंच ऐकू नकोस. दोघांनी फोटो पाहिलाय, कोळी नाही.

मला एवढंच सांग, तो होता कुठे? ‘सुप्याजवळ गवतात’ हे ठिकाण नव्हे. कुसळीच्या बुडाशी होता की शेंड्यावर? दगडाखाली की हिवराच्या सालीत? किती वाजता? जाळं होतं का? आठ डोळे मोजलेस, छान. वहीत मात्र एक ओळ नाही!

१९८८ च्या पावसाळ्यात पुरंदरच्या पायथ्याला मला एक नर मिळाला होता. तसा पुन्हा कधी दिसला नाही. अल्कोहोलच्या बाटलीत ठेवला, आत चिठ्ठी टाकली, बॉलपेनने लिहिलेली. दोन वर्षांनी एका जाणकारांसमोर बाटली उघडली तर कागद कोरा आणि अल्कोहोल निळसर. त्यांनी बराच वेळ भिंगाखाली पाहिलं आणि विचारलं, “कुठला हा?” मी म्हणालो, “बहुतेक पुरंदर.” त्यांनी बाटली बंद करून माझ्या हातात दिली.

शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पेन्सिल टिकते, हे तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं. नोकरी होती, रविवार तेवढा मोकळा. पुढे तीनदा त्याच उतारावर गेलो. तिसऱ्या खेपेला तिथे प्लॉट पडले होते. घरी म्हणतात, एका कोळ्यासाठी किती वर्षं कुढणार? कुढत नाही मी. खिशात पेन्सिल ठेवतो, एवढंच.

तुला त्याला आजीचं नाव द्यायचंय. ठाणे-कल्याण भागातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये तुकाराम ओंबळ्यांचं नाव मिळालं, ते वाचून तुझ्या मनात आलं असणार. चांगलं आहे. पण नावाआधी पूर्ण वाढलेला कोळी लागतो, त्याच्या जननांगांची तपासणी लागते, जवळच्या जातींशी ताडून बघावं लागतं. तुझ्या फोटोत तोंडाजवळचे दोन पाल्प, म्हणजे छोट्या पायांसारखे अवयव, सडपातळ आहेत. वयात आलेल्या नराचे टोकाशी फुगलेले असतात. म्हणजे एकतर मादी, नाहीतर पोर. मादी असेल तर पोटाखालची बाजू दिसायला हवी, आणि तो फोटो तू काढलेलाच नाहीस.

आणि दुर्मीळ दुर्मीळ काय लावलंयस? जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून जास्त जातींची नोंद झालीय, तरी कितीतरी जाती एकाच जागेवरून माहीत आहेत, कारण दुसरीकडे कुणी वाकून बघितलेलं नाही. मयूरेश्वर जेमतेम ५ चौरस किलोमीटर. येणारा प्रत्येक जण चिंकारा शोधतो. गवताच्या बुडाशी तू बघितलंस, म्हणून तर हे पत्र लिहितोय.

डबीत भरून मात्र आणू नकोस. अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय कोळीसुद्धा उचलायचा नाही. अर्ज करायचा तेव्हा करू. शनिवारी त्याच जागी, त्याच वेळी जा. समोरून, पाठीवरून, जमलं तर खालून फोटो घे. आणि तिथेच, उभ्या उभ्या लिही. गाडीत बसल्यावर नाही, घरी आल्यावर तर नाहीच नाही.

जाताना माझ्याकडचं दहापटीचं भिंग घेऊन जा. दोरी तुटलीय, काच बरी आहे. पेन्सिल तुझी तू आण.