एस्टोनियन येत नाही, पण एस्टोनिया वाचायचाय: सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की सोफी ओक्सानेन यांची 'पर्ज' वाचल्यापासून एस्टोनिया डोक्यातून जात नाही, भाषा येत नाही, तर इंग्रजीतून काय वाचावं म्हणजे तिथली माणसं कळतील. आधी एक सांगते. 'पर्ज' एस्टोनियात घडते, पण मूळ कादंबरी फिनिश आहे. ओक्सानेन यांची आई एस्टोनियन, वडील फिनिश, आणि त्या लिहितात फिनिशमध्ये. पुस्तक जबरदस्तच आहे, पण एस्टोनियन भाषेत जन्मलेलं पुस्तक तुमच्या हातात अजून यायचंय.

माझं उत्तर एका नावात द्यायचं तर एस्टोनियन कादंबरीकार यान क्रॉस. त्यांची 'द झार्स मॅडमन' आधी वाचा. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे लोक स्वतःला 'एस्टोनियन' म्हणतच नव्हते. ते स्वतःला 'मारहवस' म्हणायचे, म्हणजे भुईची माणसं, आणि आपल्या भाषेला 'माकेल', भुईची भाषा. जमीन आणि चर्च जर्मन उमरावांच्या हातात होतं, वर राज्य रशियाच्या झारचं. जर्मन माणसाला एस्टोनियनमध्ये 'साक्स' म्हणत, आणि याच शब्दाचा अर्थ 'मालक, बडा माणूस' असाही होतो. आपल्याकडे गोऱ्याला नुसतं 'साहेब' म्हणायचे, तसंच हे. 1857 साली यान्सेन नावाच्या संपादकाने आपल्या वर्तमानपत्रात वाचकांना 'प्रिय एस्टोनियन जनहो' अशी हाक मारली. या नावाला सार्वजनिक वजन आलं ते तिथून. म्हणजे जी भाषा मोलकरणीची, गाडीवानाची, कुळाची, तिच्यात दीडशे वर्षांत एक पूर्ण साहित्य उभं राहिलं. आजही ती बोलणारे दहा-बारा लाखांच्या आसपासच आहेत. एस्टोनियन पुस्तक वाचताना मी एकच गोष्ट धरून ठेवते: इथे कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतंय? बाकीचं आपोआप उलगडत जातं.

आता क्रॉस. 'द झार्स मॅडमन' मूळ 1978 ची, आणि तिच्यामागे खरा माणूस आहे. टिमोथेउस फॉन बॉक हा जर्मन उमराव झार पहिल्या अलेक्झांडरच्या मर्जीतला. झारने त्याच्याकडून वचन घेतलेलं असतं की मला नेहमी खरं तेच सांगशील. 1818 मध्ये हा माणूस खरंच सांगतो: झारच्या कारभारातले दोष लिहून त्यालाच पाठवतो. शिक्षा म्हणून नऊ वर्षं किल्ल्यातली कैद, आणि मग 'वेडा' ठरवून घरी नजरकैद. त्याआधी त्याने आणखी एक अघटित केलेलं असतं. एवा नावाच्या कुळाच्या मुलीला दास्यातून सोडवून, शिकवून, तिच्याशी रीतसर लग्न. त्या काळी तिथला शेतकरी जमिनीसकट मालकाच्या मालकीचा होता, हे लक्षात घ्या.

गोष्ट सांगतो एवाचा भाऊ याकोब, चोरून लिहिलेल्या रोजनिशीतून. बहिणीबरोबर तोही शिकला, त्यामुळे तो ना शेतकऱ्यांत बसतो ना दिवाणखान्यात. मेहुणा वेडा आहे की सगळ्यांत शहाणा, हे त्याला ठरवता येत नाही. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा शंभरेक पानं झाल्यावर पुस्तक मिटून ठेवलं आणि क्रॉस कोण होते ते शोधलं. त्यांना 1944 मध्ये जर्मनांनी अटक केली होती, 1946 मध्ये सोव्हिएत राजवटीने. मग श्रमछावण्या आणि हद्दपारी. घरी परतले ते 1954 मध्ये. खरं बोलणाऱ्याला वेडा ठरवणारी सत्ता कोणती, हे 1978 च्या एस्टोनियन वाचकाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सेन्सॉरच्या डोळ्यांसमोर ही कादंबरी छापली गेली, कारण ती 'दीडशे वर्षांपूर्वीची' होती. हे कळल्यावर मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली. तुम्ही हे आधीच जाणून वाचा, काही बिघडत नाही.

क्रॉस आवडले तर 'द रोपवॉकर' घ्या. सोळाव्या शतकातल्या टाल्लिनचा बखरकार बाल्थाझार रुसो याच्यावरची ती मोठी कादंबरीमालिका आहे आणि हा तिचा इंग्रजीतला पहिला भाग. मात्र वेळ हाताशी ठेवून घ्या, ती सावकाश चालते.

दुसरं पुस्तक अगदी वेगळ्या चवीचं: आंद्रुस किविरॅह्क यांचं 'द मॅन हू स्पोक स्नेकिश'. मूळ 2007 चं, इंग्रजीत 2015 मध्ये ख्रिस्तोफर मोजली यांनी आणलं. मध्ययुगातलं जंगल. तिथल्या माणसांना सापांची भाषा येते. ते शब्द उच्चारले की हरीण स्वतःहून मान पुढे करतं. पण लोक एकेक करून जंगल सोडून गावात जातायत, शेती करतायत, पाद्र्याचं ऐकतायत, आणि ती भाषा विसरतायत. लेमेत हा ती जाणणारा शेवटचा माणूस. अस्वलं बायकांच्या प्रेमात पडतात, म्हणून पहिल्या काही पानांत पुस्तक गमतीचं वाटेल. पुढे ते फार रक्तबंबाळ आणि फार एकाकी होत जातं.

यातली एक गोष्ट बाहेरच्या वाचकाच्या हातून सहज सुटते, म्हणून मुद्दाम सांगते: भाकरी. जंगलातली माणसं मांस खातात आणि गावकऱ्यांच्या राय नावाच्या धान्याच्या भाकरीची त्यांना शिसारी येते. आता एस्टोनियात ही काळी भाकरी, 'लेइब', म्हणजे काय? जेवणाऱ्याला 'यात्कु लेइबा' म्हणायची रीत आहे, म्हणजे तुझी भाकरी पुरो, सरत न जावो. भाकरी जमिनीवर पडली तर उचलून तिचं चुंबन घ्यायचं, असं जुनी माणसं मुलांना शिकवायची. पानात टाकू नये, अन्नाला पाय लागला तर नमस्कार करावा, हे ऐकत वाढलेल्या आपल्याला हे कुणी वेगळं सांगायला नको. अशा समाजात एक लेखक म्हणतो की ही भाकरी म्हणजेच आपल्या विस्मरणाची सुरुवात. राष्ट्राच्या सगळ्यात पवित्र वस्तूवर त्याने बोट ठेवलंय, आणि तरी तिथल्या लोकांनी हे पुस्तक डोक्यावर घेतलं. त्या समाजाबद्दल मला वाटणारा आदर यामुळे फार वाढला.

ही भाकरी कुठल्या कष्टातून येते ते पाहायचं तर कादंबरीकार तामसारे. 'ट्रुथ अँड जस्टिस' ही त्यांची पाच खंडांची कादंबरी 1926 ते 1933 या काळातली; पहिला खंड इंग्रजीत 'आंद्रेस अँड पेआरू' या नावाने मिळतो. आंद्रेस कर्ज काढून दलदलीतली शेती घेतो, नव्या बायकोला घेऊन येतो, आणि संसाराची सुरुवातच चिखलात रुतलेली गाय ओढून काढण्यापासून होते. मग चर खणणं, दगड वेचणं, आणि शेजारी पेआरूशी पाण्यावरून, कुंपणावरून आयुष्यभर कोर्टकचेऱ्या. ज्याच्या घरात बांधाचा वाद दोन पिढ्या चाललाय त्याला ही कादंबरी परकी वाटणारच नाही. आंद्रेसच्या बायकोला, क्र्योतला, वाचताना विसरू नका. पुरुषांच्या त्या हट्टाची किंमत तिने मोजलीय.

अनुवादातून काय निसटतं तेही सांगायला हवं. एस्टोनियनमध्ये 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे, 'तेमा', बोलताना नुसतं 'ता'. नामांना लिंग नाही. इंग्रजी अनुवादकाला दर वाक्यात 'ही' की 'शी' हे ठरवावं लागतं, मूळ लेखकाने ते उघडं ठेवलं असलं तरी. मी एकदा हौस म्हणून यान काप्लिन्स्की यांच्या एका छोट्या कवितेचं इंग्रजीवरून मराठी करायला बसले आणि पहिल्याच क्रियापदाला अडले. इंग्रजीतला 'मी' निदान झाकलेला राहतो; मराठीत 'मी गेलो' की 'मी गेले' हे सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्या दिवशी मूळ भाषा किती मोकळी असेल याचा थोडा अंदाज आला. काप्लिन्स्की (1941 ते 2021) जरूर वाचा. 'द वॉन्डरिंग बॉर्डर' आणि 'इव्हनिंग ब्रिंग्ज एव्हरीथिंग बॅक' ही त्यांची पुस्तकं इंग्रजीत आहेत. बौद्ध आणि ताओ विचारांशी त्यांची जवळीक होती. भांडी, अंगण, संध्याकाळ अशा साध्या गोष्टींपाशी थांबणारी कविता आहे.

आणखी एक कवी मला फार जवळचा: क्रिस्तियान याक पेटरसन. 1801 मध्ये रिगाला जन्म, क्षयाने मृत्यू 1822 मध्ये, एकविसाव्या वर्षी. शिकायला रिगाहून तार्तूला तो पायी गेला होता. या भुईच्या भाषेला गाण्याच्या वाऱ्यावर स्वार होऊन चिरंतनाचा शोध घेता येणार नाही का, असं त्याने एका कवितेत विचारलं. त्याच्या एस्टोनियन कविता त्याच्या हयातीत छापल्याही गेल्या नाहीत. आज त्याचा जन्मदिवस, 14 मार्च, तिथे मातृभाषा दिन म्हणून पाळतात. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची आठवण काढणाऱ्या आपल्यासारखे लोक आणखीही कुठे आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

'कालेविपोएग' या महाकाव्याने सुरुवात करा असं बरेच जण सांगतात. मी म्हणेन, ते मागे ठेवा. क्रॉइट्सवाल्ड यांनी लोककथा आणि लोकगीतं गुंफून 1857 ते 1861 मध्ये ते छापलं. त्यावर आधारलेलं किर्बी यांचं 1895 चं 'द हिरो ऑफ एस्थोनिया' नेटवर मोफत मिळतं. (किर्बी पेशाने कीटकांचे अभ्यासक होते!) लढाईत फळ्यांनी मारणाऱ्या नायकाला हेजहॉग हा छोटा काटेरी प्राणी ओरडून सांगतो की आडवी नको, कडेने मार, तो प्रसंग तेवढा आधी वाचलात तरी चालेल.

नवं काही चाळायचं असेल तर 'एस्टोनियन लिटररी मॅगझिन' हे इंग्रजी नियतकालिक नेटवर फुकट वाचता येतं. उतारे, मुलाखती, परीक्षणं सगळं असतं. आयात पुस्तकं महाग पडतात, म्हणून मी आधी तिथला उतारा वाचते, मगच पैसे घालते.

आणि पुस्तकांबरोबर वेल्यो तॉर्मिस यांचं संगीत ऐका. त्यांनी 'रेगिलाउल' ही जुनी लोकगीतं वृंदगायनात आणली. आठ अक्षरांची ओळ, शेवटी यमक नाही, आतल्या आत अनुप्रास. एक जण ओळ म्हणते आणि बाकीच्या ती उचलतात. शेतात, झोपाळ्यावर, लग्नात बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हटलेली ही गाणी आहेत. 1888 पासून याकोब हुर्ट यांच्या आवाहनावरून गावोगावच्या शेकडो लोकांनी ती आणि इतर लोककथा लिहून पाठवल्या. पानं भरली लाखाहून जास्त. आजही ती तार्तूच्या साहित्य संग्रहालयात आहेत. जात्यावरची ओवी ज्याने घरात ऐकलीय त्याने हेडफोन लावून, शब्दांचा अर्थ न शोधता, आधी नुसती ती ओळ परतून येताना ऐकावी. क्रॉस त्यानंतर उघडलात तरी चालेल.