दिवा विझला, व्हॉल्व्ह उघडाच

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानांत ‘कंट्रोल’ हा शब्द अकरा वेळा आलाय, मी मोजला. कामावर कंट्रोल नाही, हाताखालच्या माणसांवर नाही, मोबाइलवर नाही, रागावर तर नाहीच. आणि शेवटी लिहिलंस, ‘काका, तुम्ही जन्मभर कंट्रोल रूममध्ये बसलात, तेव्हा एवढं सांगाच.’

बसलो खरा. पण या शब्दाचा मूळ अर्थ मला निवृत्तीनंतर कळला. मध्ययुगातल्या फ्रेंचांकडे हिशेब गुंडाळीवर लिहीत. एकाने लिहिलेल्या गुंडाळीची दुसरी प्रत वेगळ्या माणसाकडे असायची आणि दोन्ही समोरासमोर धरून ताडून पाहायच्या. त्या दुसऱ्या गुंडाळीचं नाव, म्हणजे ‘उलट-गुंडाळी’, झिजत झिजत कंट्रोल झालं. हुकमाशी त्याचा सुरुवातीला काही संबंध नव्हता, पडताळ्याशी होता. तुझं पत्र मी याच चष्म्यातून वाचलं.

पहिली तक्रार, तुला अधिकार कमी आहेत. असतील. पण 1903 सालची एक जोडी बघ. सॅम्युअल लँगली हे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या विज्ञानसंस्थेचे सचिव, नावाजलेले शास्त्रज्ञ. विमान बनवायला हाताशी अमेरिकेच्या युद्ध खात्याचे 50,000 डॉलर आणि सुमारे 52 अश्वशक्तीचं इंजिन. त्या काळी तेवढ्या वजनात इतकं दमदार इंजिन म्हणजे कमालच. त्यांचं विमान ऑक्टोबरात आणि पुन्हा 8 डिसेंबरला पोटोमॅक नदीत कोसळलं. त्यानंतर नवव्या दिवशी अमेरिकेतल्याच किटी हॉकजवळ सायकल दुरुस्त करणाऱ्या दोन राइट भावांचं विमान जेमतेम 12 अश्वशक्तीवर 12 सेकंद उडालं. लँगलींच्या सांगाड्यात आणि ते विमान हवेत फेकायच्या पद्धतीतही दोष होते. पण विमान उडालं असतं तरी एका बाजूला कलल्यावर ते सावरायची सोय त्यात धड नव्हतीच. राइट बंधूंनी मात्र 1900 ते 1902 अशी तीन वर्षं बिनइंजिनाच्या ग्लायडरवर फक्त तोल सांभाळायला शिकण्यात घालवली. इंजिन सगळ्यात शेवटी.

सायकलवाल्यांनाच हे सुचावं यात मला नवल वाटत नाही. सायकल सोडली की पडते, चालवणाऱ्याला सतत बारीक सावरावं लागतं. रिकाम्या रस्त्यावर एकदा मुद्दाम लक्ष देऊन बघ. डावीकडे वळताना हँडल आधी निमिषभर उजवीकडे जातं, अंग डावीकडे झुकतं आणि मगच चाक डावीकडे फिरतं. तू हे लहानपणापासून करतेस आणि तुला पत्ताही नाही. हात अंगाचं ऐकतो, अंग रस्त्याचं ऐकतं, म्हणून सायकल उभी राहते. अधिकार वाढवून मागण्याआधी तुझ्या हाताला काय काय ऐकू येतं ते तपास.

आता माझी फजिती ऐक. नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी. एका मोठ्या टाकीच्या जॅकेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या पोकळ आवरणात, वाफ सोडून आतला माल 80 अंशांवर धरायचा होता. ऑटो बिघडलेलं, म्हणून लूप, म्हणजे काटा बघून व्हॉल्व्ह फिरवायचं चक्र, मॅन्युअलवर, हाताने चालवायला घेतलेला. काटा 76 वर. मी व्हॉल्व्ह थोडा उघडला, काटा ढिम्म. आणखी उघडला, तरी ढिम्म. वैतागून अर्ध्याहून जास्त उघडला. मग काटा निघाला तो 80, 85, 92. घाबरून वाफ साफ बंद केली. काटा चढतच राहिला, मग उतरू लागला तो थेट 71 वर. दोन तास मी त्या टाकीशी कुस्ती खेळलो. आमच्या भाषेत याला हंटिंग म्हणतात. शेवटी पाळीतले जुने ऑपरेटर चहाचा कप ठेवून उठले. व्हॉल्व्ह एका जागी आणून ठेवला आणि म्हणाले, ‘आता हात खिशात घाल अन् घड्याळाकडे बघ.’ बारा मिनिटं काही झालं नाही. ती बारा मिनिटं मला अजून आठवतात, हात शिवशिवत होते. मग काटा हळूहळू वर आला आणि 80 च्या आसपास थांबला. माझ्यापेक्षा त्यांना वाफेबद्दल जास्त माहिती होती अशातला भाग नाही. टाकी किती उशिरा ऐकते, हे त्यांना माहीत होतं.

हे दुखणं जुनं आहे. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला दोन फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फाकायचे आणि वाफ कमी व्हायची, वेग पडला की उलट. पुढे असे गव्हर्नर लावलेली यंत्रं कधीकधी शांत चालण्याऐवजी हेलकावेच खाऊ लागली. त्यामागचं गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1868 मध्ये मांडलं.

तुझ्या पत्रात लिहिलंयस की एका महिन्यात तीन सुधारित परिपत्रकं काढली, तरी ‘काही फरक नाही’. अगं, पहिलं परिपत्रक शेवटच्या केंद्रावर पोचून तिथल्या माणसाने ते उघडण्याआधी दुसरं निघालं होतं. व्हॉल्व्ह फिरवत बसलीयस तू. ढिम्म काट्यावर चिडून वाफ वाढवली की ती वाफ कुठे जात नाही, उशिराने एकदम अंगावर येते. तीन महिन्यांनी तुझ्याकडे तिन्ही परिपत्रकांचे परिणाम एकत्र येतील आणि कुठला कशाचा हे कोणालाच सांगता येणार नाही.

मग तू म्हणशील, ‘पण माझ्याकडे अहवाल येतात, सगळीकडे अंमलबजावणी पूर्ण.’ तिथेच मला धास्ती वाटते.

28 मार्च 1979, पहाटे चारचा सुमार, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला थ्री माइल आयलंड अणुवीज प्रकल्प. पाण्याचा पंप बंद पडला, दाब वाढला, तो सोडण्यासाठी एक व्हॉल्व्ह उघडला. तो काही सेकंदांत बंद व्हायचा होता, पण अडकला आणि उघडाच राहिला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला. मेख इथे आहे. व्हॉल्व्ह बंद झाला म्हणून तो दिवा विझत नव्हता, ‘बंद हो’ असा विजेचा हुकूम गेला की विझत होता. पॅनेलसमोरची माणसं बिनडोक नव्हती. शंभराहून जास्त अलार्म एकदम ओरडत होते, दिवा सांगत होता व्हॉल्व्ह बंद आहे, दुसरा एक काटा पाणी जास्त झाल्याचं भासवत होता. त्यांनी आपत्कालीन पाणीच कमी केलं. निचऱ्याच्या पाइपचं तापमान जास्त दिसत होतं, पण तो व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा गळका असल्यामुळे तेही त्यांनी त्या जुन्या गळतीवर ढकललं. खरी गोष्ट सांगणारा, निचऱ्याच्या टाकीचा मीटर पॅनेलच्या मागच्या बाजूला होता. व्हॉल्व्ह दोन तासांहून जास्त काळ उघडा होता. अणुभट्टीचा जवळजवळ अर्धा गाभा वितळला.

तुझ्या टेबलावरचे अहवाल हा तो दिवा आहे. परिपत्रक गेलं, एवढंच ते सांगतात.

आणि दिवा लावणाऱ्यालाच शिक्षेची भीती असेल तर गोष्ट आणखी बिघडते. चीनमध्ये 1958 साली ‘मोठी झेप’ सुरू झाली. चिमण्या धान्य खातात म्हणून लोकांनी ढोल नि पातेली बडवून त्यांना थकून पडेपर्यंत उडवत ठेवलं. पक्षीतज्ज्ञांनी चिमण्यांची पोटं तपासली तर त्यांत कीडही भरपूर होती. 1960 मध्ये मारायच्या उपद्रवी जिवांच्या यादीतून चिमण्यांचं नाव काढून ढेकणांचं घातलं गेलं. ही चिमण्यांची गोष्ट सगळे चवीने सांगतात, पण मला तिच्यापेक्षा आकडे जास्त भयंकर वाटतात. वरून पिकाचं उद्दिष्ट यायचं आणि खालून ते गाठल्याचा, ओलांडल्याचा आकडा जायचा, कारण कमी आकडा म्हणजे निष्ठेचा अभाव. त्या फुगवलेल्या आकड्यांवर सरकारने धान्यवसुली ठरवली आणि खेड्यांत खायचं धान्यही उरलं नाही. 1959 च्या उन्हाळ्यात लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओंना पत्र लिहून हे मांडलं. त्यांना पदावरून काढलं गेलं, आणि मग वेगळा आकडा सांगायची कोणाची छाती होणार? दुष्काळात कोट्यवधी माणसं गेली. चालती लोकशाही आणि मोकळी वर्तमानपत्रं असतात तिथे मोठे दुष्काळ पडत नाहीत, हे अमर्त्य सेन यांचं म्हणणं मी याच जोडीला ठेवतो. वर्तमानपत्र ही राज्यकर्त्याची उलट-गुंडाळी. ती टोचते, त्यासाठीच असते.

लोक आकडा भागवायला किती हुशारी लावतात याचा एक नमुना. 1902 मध्ये हनोईत फ्रेंचांनी उंदीर मारायला बक्षीस लावलं, पुरावा म्हणून शेपूट आणायची. थोड्याच दिवसांत गावात बिनशेपटीचे जिवंत उंदीर हिंडू लागले. शेपूट कापून उंदीर सोडून द्यायचे, म्हणजे पिल्लं होतील. पुढे उंदीर पाळणारेही निघाले. तू लावलेल्या गुणांकन पद्धतीत शेपूट कोणती, हे एकदा शोध. प्रत्येक पद्धतीत ती असतेच.

मोबाइलचं जरा वेगळं आहे. इथे तू स्वतःला चालक समजतेस आणि गडबड तिथेच होते. कुठल्याही लूपमध्ये पहिला प्रश्न असतो, सेटपॉइंट, म्हणजे गाठायचा आकडा, कोणी लावला? माझ्या टाकीचा 80 आम्ही लावला होता, टाकीने नव्हे. तुझ्या हातातल्या पडद्यामागे एक लूप आहे. तू कुठे थांबलीस, काय परत पाहिलंस, हे तो मोजतो आणि पुढचं काही ढकलतो. यूट्यूबने 2012 मध्ये शिफारशींचं माप क्लिकवरून किती वेळ पाहिलं यावर नेलं, आणि त्या दिवसापासून तुझा वेळ हा त्यांचा काटा झाला. त्या लूपमध्ये टाकी तू आहेस. टाकीने निश्चय करून भागत नाही, वाफेची नळी सोडवावी लागते. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेव, सूचना बंद कर. यात पराक्रम काही नाही आणि म्हणूनच ते टिकतं.

निश्चयाबद्दल एवढ्यासाठी म्हणतो की तू स्वतःला फार दोष देतेस. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा मुलांवरचा प्रयोग तू वाचला असशील, एक मार्शमॅलो (मऊ गोड गोळी) आत्ता की थांबलास तर दोन. थांबू शकलेली मुलं त्या मार्शमॅलोकडे धीराने बघत बसली नव्हती. ती तोंड फिरवत होती, डोळे झाकत होती, गाणी म्हणत होती. पुढचा तपशील मला जास्त मोलाचा वाटतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आधी मुलांना सांगितलं, ‘चांगले रंग आणून देतो.’ काहींना आणून दिले, काहींना ‘नाहीत रे’ म्हणून परत पाठवलं. मग तीच मार्शमॅलोची परीक्षा. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसलेली 3 मिनिटं. तुझ्या हाताखालची माणसं ‘संयम ठेवत नाहीत’ असं लिहिलंयस. त्यांना किती वेळा रंग आणून दिलेस?

रागाबद्दल मी उपदेश करायचा नाही, त्यात मी नापास आहे. आपल्याकडे ‘आवर’ हा फार सुंदर शब्द आहे. घर आवरतो, रडू आवरतो, बोलणं आवरतं घेतो. पसरलेलं जागेवर ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. मी मात्र घरात तो दुसऱ्यांवरच वापरला, ‘आवर ते रडणं.’ आवाज चढला की घर चिडीचूप व्हायचं आणि मला वाटायचं, सगळं ताब्यात आहे. मुलीचं कॉलेज सुटल्याचं मला सात महिन्यांनी कळलं, तेही बाहेरून. सात महिने घरातले सगळे दिवे विझलेले, आणि मी पॅनेलसमोर निवांत.

आता तुझं काम. चौथं परिपत्रक काढू नकोस. तीन आठवडे हात खिशात. त्यातला एक दिवस काढ आणि न कळवता सगळ्यात लांबच्या केंद्रावर जा. तपासणीला जाऊ नकोस, नुसती कोपऱ्यात खुर्ची टाकून बस. तुझा तो नमुना क्रमांक चार तिथे कोणीतरी भरत असेल. भरताना कुठल्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबतं ते बघ. तो रकाना कोणता आणि थांबून तो माणूस काय पुटपुटला, ते मला लिही. बाकीच्या दहा ‘कंट्रोल’चं उत्तर त्यानंतर देतो.

तुझा,
काका