‘असलं इथं चालत नसतं’ म्हणणाऱ्यांशी भांडू नकोस

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. उसावर ड्रोनने फवारणी करून द्यायची, पायलटचं सर्टिफिकेट काढून झालंय, मशीनचं कोटेशन पण आलंय आणि गावात जो भेटतो तो म्हणतो असलं इथं चालत नसतं. वैतागलीयस, कळतंय. पण ‘लोकांची मेंटॅलिटीच अशी आहे’ असं जे लिहिलंयस ना, ते आधी डोक्यातून काढून टाक, कारण एकदा का ते मनात बसलं की माणूस समोरच्याचं ऐकायचंच बंद करतो, आणि तुझ्या धंद्याला लागणारी निम्मी माहिती त्या नकारांतच आहे.

किर्लोस्करवाडी तुझ्याच जिल्ह्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमिनीत विष भिनतं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली, दोन वर्षं! आज आपल्याला ती अंधश्रद्धा वाटते. पण त्या शेतकऱ्याच्या जागी बसून बघ. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून द्यायचा, मोडला तर तोच दुरुस्त करायचा, आणि हा लोखंडी रोख पैसे मोजून घ्यायचा आणि ऐन पेरणीच्या तोंडावर मोडला तर जायचं कुणाकडे? मला तरी वाटतं विषाची गोष्ट वरवरची होती, खरी भीती एक अख्खा हंगाम हातचा जाण्याची असणार.

आणि त्या काळात त्यांनी काय केलं ते लक्षात ठेव. कडबा कापायचं यंत्र पण ते बनवत होते. म्हणजे नांगर लोकांच्या गळी उतरेपर्यंत वर्कशॉप चालू ठेवायला दुसरं काहीतरी हाताशी होतं. पुढे बेळगावातली जागा नगरपालिकेने घेतली, औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० मध्ये तिथं, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीत, कारखाना उभा राहिला. तुझं कडबा कापायचं यंत्र कुठलं आहे? माती परीक्षण असेल, शेताची मोजणी असेल, काहीही असेल, पण पहिलं वर्ष ड्रोनच्या कमाईवर हप्ता फेडायचा असं धरून चालू नकोस. वडील नोकरी कर म्हणतायत त्यामागे हीच काळजी आहे, त्यांना ड्रोन कसा उडतो ते दाखवण्यापेक्षा हप्त्याचं गणित कागदावर मांडून दाखव.

आता तुझ्या शेतकऱ्यांचं. ‘दहा लिटरात एकर भागतो होय?’ हा प्रश्न तुला अडाणीपणाचा वाटला. अगं तो अतिशय चांगला प्रश्न आहे! पाठीवरच्या पंपाने एकराला दहा-बारा पंप लागतात, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी, आयुष्यभर माणसाने पानावरून औषध निथळताना बघितलंय आणि तू त्याला सांगतेस की दहा लिटर बास. ड्रोनचा थेंब बारीक असतो, औषधाचं प्रमाण जास्त असतं, पंख्याच्या वाऱ्याने पानं हलतात म्हणून आतपर्यंत जातं, हे सगळं खरं आहे पण तोंडाने सांगून कोणी मानणार नाही. वॉटर सेन्सिटिव्ह पेपर मिळतो बघ, पिवळा, थेंब पडला की तेवढाच भाग निळा होतो. तो शेतकऱ्याच्या हातात दे, त्यालाच उसाच्या शेंड्याला, मध्ये आणि खाली लावायला सांग, नुसतं पाणी फवार आणि त्यालाच काढून बघू दे. खालच्या कागदावर थेंब कमी दिसले तर ते पण लपवू नकोस, उंची आणि स्पीड बदलून परत उडव. तिथं उभ्या चार माणसांना जे पटेल ते तुझ्या ब्रोशरने कधीच पटणार नाही.

दुसरा एकजण म्हणाला शेजारच्या रानात औषध उडालं तर? तो तर शंभर टक्के बरोबर आहे. वारा असेल तर उडवायचं नाही, शेजाऱ्याची भाजी किंवा द्राक्षबाग असेल तर बांधापासून अंतर सोडायचं, ड्रोनसाठी मान्यता असलेलीच औषधं वापरायची, हे आधीच लिहून दे. त्याची शंका म्हणजे तुझ्या कामाचा नियम झाला.

आणि मागताना कमी माग. ऑनलाइन बसची तिकिटं विकणाऱ्या रेडबसवाल्या पोरांची गोष्ट तुला माहीत असेल, २००५ च्या दिवाळीत बंगळुरूहून हैदराबादला जायला एकाला तिकीट मिळालं नाही तिथून सुरुवात झाली. बसवाल्यांसाठी त्यांनी आधी सॉफ्टवेअर बनवलं, ते फुकट द्यायला गेले तरी कोणी घेईना. मग २००६ मध्ये त्यांनी मागणं बदललं, आम्हाला विकायला थोड्या सीटा द्या एवढंच. बसवाल्याचं त्यात काय जाणार? तू पण एकदम पाच एकर मागू नकोस, अर्धा एकर माग. त्यातली एक पट्टी पंपाने मारू दे, एक तू मार, पैसे पंधरा दिवसांनी फरक बघून. पीक त्याचं आहे, चुकलं तर भोगणार तोच, म्हणून पहिल्या वेळेची रिस्क तू घ्यायची.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. लोकांच्या घरातल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीवाल्यांनी २००८ मध्ये सात इन्व्हेस्टर गाठले, पाच नाही म्हणाले आणि दोघांनी उत्तरच दिलं नाही, ही गोष्ट स्टार्टअपवाले सारखी सांगतात. ती खरी आहे, पण नकार मिळाला म्हणून आयडिया भारी ठरत नाही, नकार मिळालेल्या कितीतरी आयडिया खरंच चालल्या नाहीत आणि त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. वर दिलेलं सगळं नीट करून, एक पूर्ण हंगाम अर्धा-अर्धा एकर मारून, एकदा मारून घेतलेल्यातले लोक दुसऱ्यांदा पैसे देऊन बोलवत नसतील तर थांबायचं, मशीनसाठी कर्ज काढायचं नाही. आणि ऊस डोक्याच्या वर गेला की आत शिरून पंप मारायला माणूस मिळत नाही हे मी पण बघतोय, त्यामुळे मला वाटतं बोलवतील.

मशीन लगेच विकत घेऊ नकोस, आधी भाड्याने मिळतंय का बघ. आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांची एक वही कर, कोण, किती रान, आणि नेमकं काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, तुझं मत मध्ये न घालता. पुढच्या रविवारी ती वही घेऊन ये, दर किती लावायचा ते त्यावरून ठरवू.