रहस्यकथेतले दुय्यम पात्र तपास करणाऱ्यापेक्षा हुशार निघाले, तर लेखकाने काय करावे?

आपल्या कादंबरीतल्या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर तिसऱ्याच प्रकरणात गुन्हेगार ओळखतील अशी भीती आपल्याला वाटते, आणि म्हणून त्यांना परगावी पाठवावे की त्यांचाच बळी द्यावा, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे, यांतले काहीही करू नका. हुशार माणसाला ऐन वेळी गावाला धाडणे, तापाने अंथरुणाला खिळवणे किंवा त्याचा फोन बंद ठेवणे या लेखकाच्या पळवाटा आहेत आणि रहस्यकथांचा मुरलेला वाचक त्या लगेच ओळखतो.

याच मुद्द्यावरून एका दिवाळी अंकाच्या संपादकांशी माझा मोठा वाद झाला होता. कथा खेड्यातल्या खुनाची होती. बागायतदार वडील वारल्यानंतर काही महिन्यांतच दोन भावांपैकी धाकट्याचा मृतदेह विहिरीत सापडतो आणि तपासासाठी आलेला पोलीस निरीक्षक जमिनीचे कागद पाहायला तलाठी कार्यालयात जातो. तिथल्या तलाठीबाई पन्नाशीच्या, मितभाषी आणि कामाला चोख. निरीक्षक सातबाऱ्यावरची नावे वाचत असतानाच बाई जमिनीच्या हक्कांतले बदल जिच्यात चढवतात ती फेरफार नोंदवही काढतात आणि आधीच्या तलाठ्याच्या हातच्या एका वारस नोंदीवर बोट ठेवतात. हितसंबंधितांना नोटीस दिल्याची तारीख आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्याची तारीख यांत चारच दिवसांचे अंतर असते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते, हे बाईंना कोणी सांगावे लागत नाही. एकट्या थोरल्याच्या नावाने झालेली ही नोंद कोणीतरी घाईने उरकून घेतली आहे, हे त्यांना तिथल्या तिथे दिसते. निरीक्षकाला ते कळायला निम्मी कथा लागली असती.

संपादकांचे म्हणणे असे होते की बाईंमुळे निरीक्षक फिका पडतो, तेव्हा बाईंना जरा वेंधळ्या करा, वही सापडायला वेळ लागू द्या आणि तारखांमधला घोळ निरीक्षकाच्याच नजरेस पडू द्या. मी साफ नकार दिला. आयुष्यभर फेरफार लिहिलेल्या बाईला जे दिसत नाही, ते त्या वहीला पहिल्यांदाच हात लावणाऱ्या पोलिसाला दिसते, यावर महसूल खाते जवळून पाहिलेला कोणताही वाचक विश्वास ठेवणार नाही. शिवाय बाईंनी ओळखले त्यामुळे खुनी सापडतच नव्हता. नोंद गैर आहे एवढेच कळले होते; ती कोणाच्या सांगण्यावरून झाली आणि धाकट्याला त्याचा पत्ता लागला होता का, हे प्रश्न त्यातूनच उभे राहिले. मुख्य म्हणजे, ती नोंद प्रमाणित करणाऱ्या मंडळ अधिकाऱ्याच्या हाताखालीच बाईंना निवृत्तीपर्यंतची वर्षे काढायची होती. म्हणून त्यांनी तारखा दाखवल्या, पण धाकट्याचा मुदतीत आलेला हरकतीचा अर्ज ज्या पानावर चढला होता, ते आवक नोंदवहीचे पान स्वतःहून उघडले नाही. इतकी चोख बाई नेमकी तिथेच का थांबली, हे ओळखणे निरीक्षकाचे काम होते आणि त्याची हुशारी मी तिथे दाखवली होती. पात्राची बुद्धी कमी करू नये. त्याने कुठपर्यंत बोलावे हे त्याच्या भीतीने, निष्ठेने किंवा स्वार्थाने ठरू द्यावे, एवढेच मी त्या संपादकांना सांगत होते.

संपादकांनी शेरलॉक होम्सच्या सोबत्याचा, वॉटसनचा दाखला दिला, की तो नेहमी होम्सच्या एक पाऊल मागे असतो. त्याच लेखकाने, आर्थर कॉनन डॉयलने, १८९३ मध्ये ‘द ग्रीक इंटरप्रिटर’ या कथेत होम्सचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट आणला, हे मात्र ते सोयीस्कर विसरले. निरीक्षणात आणि तर्कात हा भाऊ आपल्यापेक्षा सरस आहे, असे होम्स स्वतःच सांगतो, आणि जागचे उठण्याचा त्याला कंटाळा आहे, हेही सांगतो. लेखक एवढ्यावर थांबला असता तर मी त्यालाही पळवाटच म्हटले असते, पण मायक्रॉफ्ट कथेत प्रत्यक्ष हालचाल करतो. एका ग्रीक दुभाष्याला पळवून नेऊन, कोंडून ठेवलेल्या माणसाशी बोलायला लावलेले असते; त्या माणसाचा ठावठिकाणा शोधायला मायक्रॉफ्ट सर्व दैनिकांत जाहिरात देतो. तिच्यामुळे हवा असलेला पत्ता मिळतो आणि तिच्यामुळेच दुभाष्याने तोंड उघडल्याचे गुन्हेगारांना कळून ते त्याला पुन्हा पळवतात. पोलीस अधिकाऱ्याला बरोबर घेऊन जावे, ही सूचना स्वतः होम्सची. ती रास्तच असते, पण कायदेशीर सोपस्कारांत तासाहून अधिक वेळ जातो आणि कोळशाच्या धुराने भरलेल्या खोलीतल्या दोघांपैकी एकच वाचतो. हुशार पात्रांच्या शहाण्या निर्णयांमुळे गुंता वाढवता येतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या डॉक्टरांनाही मृत्यूचे कारण तिसऱ्याच प्रकरणात अचूक सांगू द्या. विषाचे नाव कळले म्हणून ते कोणी कालवले हे कळत नाही, आणि डॉक्टरांचा ठाम अहवाल पोलिसांना भलत्याच संशयितामागे लावू शकतो. माझी ती कथा एकही ओळ न बदलता पुढे दुसऱ्या अंकात छापून आली, हेही इथे नमूद करते.

अर्थात ही पद्धत कागदपत्रांवर आणि जबाबांवर चालणाऱ्या तपासकथेला मानवते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारसारख्या नायकाचे एकट्याचे कर्तृत्व पाहायलाच वाचक आलेला असेल, तर तिथे दुसऱ्याची हुशारी फार वेळ पुढे ठेवता येत नाही, आणि अगदी छोट्या कथेत अशा दोन पात्रांना जागाही पुरत नाही. डॉक्टरांना काही दिवस बाहेर पाठवणे भागच असेल, तर एखाद्या जुन्या खटल्यात साक्षीसाठी त्यांना आलेले सत्र न्यायालयाचे समन्स पहिल्याच प्रकरणात त्यांच्या टेबलावर दिसू द्या.