ऑस्ट्रेलियन वाइन चाखायला लागताय? सुरुवातीला एवढंच करा

सहा बाटल्या एकदम उघडू नका, ही चूक जवळपास सगळेच करतात. दोनच घ्या आणि द्राक्ष एकच ठेवा. एक शिराझ (लाल वाइनचं द्राक्ष) बरोसा व्हॅलीची, दुसरी यारा व्हॅलीची. बरोसा उष्ण, म्हणून तिथली वाइन दाट, पिकलेल्या काळ्या फळांची; यारा थंड, तिथली हलकी, काळ्या मिरीच्या वासाची. हा फरक जिभेला कळला की पुढचा रस्ता सोपा आहे. मग पांढऱ्या: क्लेअर व्हॅलीची लिंबासारखी रिस्लिंग आणि शेजारी मार्गारेट रिव्हरची भरदार शार्डने.

- आधी पांढरी, नंतर लाल.
- लाल वाइनही आपल्या उकाड्यात वीसेक मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. पांढरी मात्र बर्फासारखी गार नको, वास दबतो.
- ग्लास तिसरा हिस्साच भरा.
- घोट चाखून थुंकायला लाजू नका!

फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्त माल, असं अजिबात नाही. बुचामुळे वाइन बिघडू नये म्हणून क्लेअरच्या रिस्लिंगवाल्यांनी 2000 साली ते एकत्र येऊन स्वीकारलं.

ओक (लाकडी पिंपांचा स्वाद), डिकँटर (वाइन ओतून ठेवायचं भांडं), जुन्या वर्षांच्या बाटल्या सध्या बाजूला ठेवा. वहीत तुमचेच शब्द लिहा: जांभूळ, मिरी, लिंबाची साल. पहिली जोडी झाली की काय जाणवलं ते नक्की कळवा.